ड्रॅगनची किंमत किती? पोरांच्या गेममधून शिकलेला धंद्याचा हिशोब



दुकान, भांडवल, उधारी, जीएसटी यावर आपण नेहमीच बोलतो. आज एका गेमबद्दल बोलायचं आहे. "सर, पोरांचा खेळ आणि आमचा धंदा, काय संबंध?" असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो मला माझ्याच दुकानात माझ्या भाच्याने दाखवला.

भाऊबीज झाली की भांड्याच्या दुकानात दुपारी शांतता असते. धनत्रयोदशीची गर्दी संपलेली असते, लग्नसराई अजून लागायची असते. माझा तेरा वर्षांचा भाचा सुट्टीला बीडला आला होता. गल्ल्याशेजारी स्टूल टाकून मोबाईल खेळत बसलेला. एकदम ओरडला, "मामा, बिग विन!"

झालं असं होतं. आमच्याच गल्लीतला आठ वर्षांचा एक पोरगा त्याच गेममध्ये होता. त्याच्याकडे फ्रॉस्ट ड्रॅगन होता. मोठा भाऊ शिकायला बाहेरगावी गेला तेव्हा जाताना देऊन गेलेला. भाच्याने त्याला एक चमकणारा निऑन कुत्रा दिला आणि ड्रॅगन घेतला. छोटा खूश, कारण कुत्रा चमकतो. भाचा खूश, कारण ड्रॅगनची किंमत त्या कुत्र्याच्या कितीतरी पट आहे.

"त्याने स्वतः हो म्हटलं, मामा. दोनदा कन्फर्म केलं. मी काय जबरदस्ती केली का?"

खरं सांगतो, पहिल्या मिनिटाला मला कौतुकच वाटलं. पोराला धंद्याचं डोकं आहे, असं मनात आलं. दुसऱ्या मिनिटाला मला माझी एक जुनी गोष्ट आठवली आणि कौतुक तिथंच थांबलं. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी गेममध्ये किंमत ठरते कशी ते बघू. ते समजल्याशिवाय हा सौदा बरोबर की चूक, हे ठरवता येणार नाही.

गेम काय आहे?

रोब्लॉक्स नावाचा प्लॅटफॉर्म आहे, २००६ पासूनचा. त्यावर 'अ‍ॅडॉप्ट मी' हा गेम २०१७ मध्ये आला. २०१९ मध्ये त्यात पाळीव प्राणी आले आणि गेम जगभरातल्या पोरांच्या डोक्यात बसला. अंडं घ्यायचं, ते फुटतं, त्यातून प्राणी निघतो. त्याला खाऊ घालायचं, आंघोळ घालायची, झोपवायचं, म्हणजे तो मोठा होतो. प्राण्यांचे पाच दर्जे आहेत. कॉमन सगळ्यात खाली, लेजेंडरी सगळ्यात वर.

सारखेच चार प्राणी पूर्ण मोठे केले की ते एकत्र करून एक निऑन होतो, म्हणजे तो चमकतो. असे चार निऑन पुन्हा पूर्ण वाढवले की एक मेगा निऑन. म्हणजे एका मेगामागे सोळा नग आणि कित्येक तासांची मेहनत.

आता मुद्द्याची गोष्ट. हे प्राणी एकमेकांशी बदलता येतात. दोघांनी आपापला माल समोर ठेवायचा, दोघांनी मान्य करायचं, मग पुन्हा एकदा कन्फर्म करायचं. पैसे नाहीत. जुन्या काळी बलुतेदारी होती, किंवा आमच्या धंद्यात आजही मोड देऊन नवं भांडं नेतात, तसा सरळ मालाला माल. भावाची पाटी नाही. मग कुठला प्राणी कितीचा, हे कोण ठरवणार? पोरं सौद्याला तीन शब्द वापरतात: विन, फेअर, लॉस. आणि दिवसभर एकच प्रश्न चालतो: "हे फेअर आहे का?"

मी बीबीए केलं तेव्हा 'किंमत' आणि 'मूल्य' यातला फरक परीक्षेपुरता पाठ केला होता. ही पोरं तो रोज खेळतात. त्यांच्या खेळातून मला दिसलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट: तुमचा खर्च म्हणजे तुमची किंमत नाही

शॅडो ड्रॅगन २०१९ च्या हॅलोवीनला आला. किंमत १,००० रोबक्स. रोबक्स म्हणजे खऱ्या पैशाने घ्यायचं तिथलं चलन. त्याच वर्षी ख्रिसमसला फ्रॉस्ट ड्रॅगन आला. त्याचीही किंमत १,००० रोबक्स. दोन महिन्यांचं अंतर, खर्च अगदी सारखा. पण आज ट्रेडमध्ये शॅडो ड्रॅगन फ्रॉस्टच्या बराच वर आहे. त्याच हॅलोवीनला बॅट ड्रॅगनही आला होता. तो गेममध्ये खेळून कमावलेल्या १,८०,००० कँडीला मिळत होता, रोबक्स लागत नव्हते. तो आज फ्रॉस्टला मागे टाकून शॅडोच्या पंगतीत बसतो.

यातून काय घ्यायचं? गिऱ्हाइकाला तुमच्या खर्चाशी घेणं-देणं नसतं. "सर, मला हे मशीन दीड लाखाला पडलं, मग मी स्वस्त कसं देऊ?" असं मला कितीतरी जण विचारतात. मशीन दीड लाखाला पडलं हा तुमचा हिशोब झाला. समोरच्याला ते किती कामाचं आहे आणि तसंच दुसरीकडे कितीला मिळतं, त्यावर तो पैसे देणार.

याच्या उलट चूकही होते, स्वस्त दिसलं म्हणून घ्यायची. गेममध्ये आधीपासूनची तीन अंडी आहेत: क्रॅक्ड एग ३५० बक्सला, पेट एग ६०० ला, रॉयल एग १,४५० ला. पोरं क्रॅक्ड घेतात, कारण स्वस्त. आता हिशोब करा. लेजेंडरी निघायची शक्यता क्रॅक्डमध्ये दीड टक्का, पेट एगमध्ये ३ टक्के, रॉयलमध्ये ८ टक्के. सरासरी धरली तर एक लेजेंडरी क्रॅक्डमधून साधारण २३,३०० बक्सला पडतो, पेट एगमधून २०,००० ला आणि रॉयलमधून साधारण १८,१०० ला. महाग अंडं शेवटी स्वस्त पडलं. अर्थात फक्त लेजेंडरी हवा असेल तर. निऑन करायला साधे कुत्रेच हवे असतील, तर क्रॅक्डच बरं. माल घेताना नगाचा दर बघू नका. तुम्हाला जे हवं ते हातात पडेपर्यंत एकूण किती जातात, ते बघा.

दुसरी गोष्ट: दुर्मीळ आणि चालणारा, यात फरक आहे

पोरांच्या याद्यांमध्ये किमतीशेजारी आणखी एक रकाना असतो, डिमांडचा. काही प्राणी मोजकेच असतात, पण कुणाला नको असतात. कागदावर किंमत मोठी, पण बदलायला निघालात तर दिवस दिवस कुणी विचारत नाही. उलट एखादा नेहमीच्या मागणीचा प्राणी दोन मिनिटांत जातो. म्हणून जाणती पोरं एका मोठ्या नगाच्या बदल्यात चार किरकोळ नग घ्यायचे असतील, तर वर काहीतरी जास्त मागतात. चार किरकोळ नग खपवायची मेहनत आता त्यांच्या गळ्यात पडणार असते ना.

माझ्या दुकानात तांब्याचा एक मोठा हंडा आहे. सुंदर आहे. बघणारा प्रत्येक जण "वा" म्हणतो. कितीतरी वर्षं तो तिथंच आहे. शेजारी स्टीलचे डबे आहेत, त्यांना कुणी "वा" म्हणत नाही, पण दर आठवड्याला नवीन मागवावे लागतात. माझं घर त्या डब्यांवर चालतं. नवीन दुकान टाकताय ना? मग तुमच्या मालाची यादी करा आणि प्रत्येक नगापुढे लिहा, हा किती दिवसांत जाईल. तो आकडा लिहिता आला नाही, तर तो नग अजून घेऊ नका.

तिसरी गोष्ट: वेळ आणि जोडी

हे समजायला गेमची गरज नाही, रविवारी नेकनूरला जा. आपल्या जिल्ह्यातला जनावरांचा मोठा बाजार. तिथं बैलाची किंमत कशी होते ते उभं राहून बघा. आधी दात बघतात. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, म्हणजे वय कळलं. मग खांदा, खूर, चाल. लाल कंधारी की देवणी की खिलार. आणि मग जोड. एकटा बैल एका किमतीचा, दुसरा एका किमतीचा, पण उंचीला, रंगाला, चालीला जुळणारी जोडी झाली की तिची किंमत दोघांच्या बेरजेच्या वर जाते. चार कुत्र्यांचा एक निऑन होतो, ती अक्कल आपल्या बाजारात फार आधीपासून आहे.

वेळेचंही तसंच. दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीला निघायची तयारी सुरू होते. बैलगाडीवर काम करणाऱ्याला बैल हवेच असतात, मुकादमाची उचल हातात असते आणि कारखान्याची तारीख जवळ आलेली असते. तेव्हा बैल भाव खातो. तोच माणूस उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतो, वैरण महाग, पाणी नाही, तेव्हा तोच बैल विकायला काढतो आणि भाव पडलेला असतो. बैल तोच आणि मालकही तोच असतो, फक्त महिना बदललेला असतो. गेममध्येही नवा प्राणी आला त्या दिवशी सगळे त्याच्यामागे धावतात. दोन आठवड्यांनी तो सगळ्यांकडे असतो आणि मग त्याला कुणी विचारत नाही.

म्हणून "याची किंमत किती?" हा अर्धाच प्रश्न आहे. पूर्ण प्रश्न असा: आज, इथे, या माणसाला, याची किंमत किती?

चौथी गोष्ट: यादी कुणी लिहिली?

इथं मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. पोरं म्हणतात, "लिस्ट बघून ट्रेड केला, म्हणजे फेअर." या याद्या खेळणारे लोकच करतात. कुठल्या तरी एका प्राण्याला माप धरायचं आणि बाकीचे त्याच्या किती पट, ते लिहायचं. दोन याद्यांचे आकडे जुळत नाहीत. गेम बनवणारी कंपनी हे भाव ठरवून देत नाही. शिवाय यादी लिहिणाऱ्याकडे स्वतःकडेही प्राणी असतात. ज्याच्याकडे दहा जिराफ आहेत, त्याने जिराफाचा भाव लिहिला, तर तुम्ही तो डोळे झाकून घ्याल का?

हसू नका, आपल्याकडे मोठ्या माणसांनी घेतलाय. २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ कोंबडीचं प्रकरण उघडकीला आलं. कोंबडी खरी होती, मध्य प्रदेशातल्या झाबुआची, काळ्या मांसाची, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं. खोट कोंबडीत नव्हती, भावात होती. पिल्लं आम्हीच देऊ, अंडी आणि कोंबड्या आम्हीच मोठ्या भावाने परत घेऊ, असं शेतकऱ्यांना सांगितलं गेलं. म्हणजे माल विकणारा, भावाची यादी लावणारा आणि परत घेणारा, तिन्ही एकच. बाहेर बाजारात त्या भावाने घेणारं गिऱ्हाईक किती आहे, हे कुणी तपासलं नाही. परत घेणं थांबलं, त्या दिवशी यादीवरचा भाव कागदापुरता राहिला आणि कोंबड्या मात्र रोज दाणे मागत होत्या.

तुम्हाला कुणी कसलीही 'बाय-बॅक' योजना घेऊन आलं, अगरबत्तीचं मशीन असो, मशरूम असो, पेपर प्लेट असो, तर हा एक प्रश्न विचारा: "तुम्ही घेतलं नाही, तर हा माल बीडच्या बाजारात कितीला जाईल?" उत्तर त्यांच्याकडून घेऊ नका. स्वतः मोंढ्यात जा, दहा दुकानं फिरा आणि विचारा.

यादी ही सुरुवात आहे. निकाल बाजार देतो.

यातून पैसे कमावता येतील का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. गेममधले प्राणी खऱ्या पैशाला विकणं गेमच्या नियमांत बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. ते प्राणी तुमच्या मालकीचे नाहीत, कंपनीने वापरायला दिलेले आहेत. समोर बहुतेक वेळा अल्पवयीन मूल असतं, आणि आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीनाशी करारच होत नाही. पावती नाही, दाद मागायला जागा नाही. "आधी तू दे, मग मी देतो" असा ट्रस्ट ट्रेड तर सरळ फसवणुकीचा रस्ता आहे. ज्या मालाची मालकी तुमची नाही, त्याचा धंदा होत नाही. विषय संपला.

आता माझी गोष्ट

दुकानाचं दुसरं वर्ष होतं. भाडं कसंबसं निघायचं. जवळच्या एका गावातले एक म्हातारे काका त्यांचं भांड्यांचं दुकान बंद करत होते. गुडघे गेलेले, मुलगा नोकरीला. पितळेचा माल पडून होता: घागरी, परात, तांबे, समया. सगळा मिळून १४० किलोच्या आसपास. काकांनी वही काढली. खरेदीचा जुना भाव लिहिलेला होता, किलोला १९०. म्हणाले, "पोरा, मला नफा नको. घेतल्या भावात घेऊन जा, तुझं दुकान वाढू दे."

त्या आठवड्यात मोडीचाच भाव किलोला २९० च्या वर होता. भांडं म्हणून नाही, नुसती मोड म्हणून! मला माहीत होतं, काकांना नव्हतं. त्यांचा बाजाराशी संबंधच तुटला होता. मी काही बोललो नाही. वजन केलं, रोख पैसे मोजले, पाया पडलो आणि टेम्पो भरला. काका खूश होते. मला बाहेरच्या ओट्यापर्यंत सोडायला आले. मी माल विकला आणि १४ हजारांच्या वर सुटले. घरी येऊन मीही म्हटलं होतं, मस्त सौदा झाला. माझ्या भाच्याच्या भाषेत, बिग विन.

सहा महिन्यांनी त्यांचा मुलगा दुकानात आला. भांडला नाही. बसलाही नाही. उभ्या उभ्या एवढंच म्हणाला, "भाऊ, तुम्ही भाव सांगितला असता, तरी बाबांनी माल तुम्हालाच दिला असता. थोडा कमीच लावून दिला असता." आणि गेला.

मी खोटं बोललो नव्हतो. वजनात मारलं नव्हतं. कायद्याने माझ्यावर बोट ठेवता आलं नसतं. पण त्या गावातून लग्नाचा बस्ता घ्यायला येणारी घरं हळूहळू कमी झाली. त्यातली किती त्या गोष्टीमुळे कमी झाली, ते मला सिद्ध करता येणार नाही. मला मात्र मनातून माहीत आहे.

मग फेअर कशाला म्हणायचं?

भाच्याचा मुद्दा साधा होता: दोघं राजी, दोघं खूश, म्हणजे फेअर. काकाही राजी होते, खूशही होते. म्हणजे राजीखुशी एवढं पुरत नाही.

मी आता एकच कसोटी लावतो. मला जे माहीत आहे, ते समोरच्याला कळलं, तर तो हा सौदा करेल का? करेल, तर फेअर. नाही, तर तो सौदा त्याच्या अज्ञानावर उभा आहे.

यावर तुमच्यातले काही लगेच म्हणतील, "सर, मग धंदा कसा करायचा? माहिती हाच तर व्यापाऱ्याचा नफा. सगळं सांगत बसलो, तर दुकान बंद करावं लागेल." बरोबर प्रश्न आहे. मीही वर्षभर यावर डोकं खाल्लं. माझं उत्तर असं आहे.

माझी खरेदी कितीची, मी पुढे कुणाला विकणार, माझा नफा किती, हे सांगायला मी बांधील नाही. कुठला माल कुठे स्वस्त मिळतो, हे मी फिरून, गाडीभाडं घालून शिकलोय. तो माझा घाम आहे, त्याचा नफा मी घेणार. पण समोरचा त्याच्याच हातातल्या वस्तूबद्दल चुकीच्या समजुतीत आहे, ती समजूत मला दिसतेय आणि माझा सगळा फायदा त्या चुकीतूनच निघतोय, तर तिथं गप्प बसणं हा व्यापार नाही.

दुसरं म्हणजे, समोर कोण आहे ते बघा. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करायची जुनी रीत आहे. बाकीच्यांना कळू नये म्हणून. दोन मुरलेले हेडी एकमेकांशी असा भाव करत असतील, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. दोघांनाही बाजार माहीत आहे. पण एका टोकाला हेडी आणि दुसऱ्या टोकाला दवाखान्याच्या बिलासाठी बैल विकायला आलेला शेतकरी, तेव्हा तोच रुमाल गळफास होतो. आपल्याकडे १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा झाला आणि शेतमालाचा लिलाव उघड बोलीने व्हावा हे तत्त्व ठरलं, ते यासाठीच. भाव सगळ्यांच्या कानावर पडला पाहिजे. तरीही घासाघीस होते, तरीही व्यापारी कमावतो. उघड भावाने व्यापार मेला नाही.

गेम बनवणाऱ्यांनाही हे करावंच लागलं. पोरं फसायला लागली, तेव्हा त्यांनी ट्रेड लायसन्स आणलं. फसवणूक कशी ओळखायची याची छोटी परीक्षा दिल्याशिवाय भारी प्राणी बदलता येत नाहीत. पण लायसन्स असलेला आठ वर्षांचा पोरगाही चमकणाऱ्या कुत्र्याला भुलतोच. नियम कुठपर्यंत पुरणार? पुढचं आपल्यावर असतं.

आज माझ्या दुकानात दारातच पाटी आहे: तांब्याच्या मोडीचा आजचा भाव, पितळेच्या मोडीचा आजचा भाव. रोज सकाळी खडूने लिहितो. घट किती धरणार, तेही वजन करायच्या आधी सांगतो. पहिले काही महिने शेजारचे दुकानदार म्हणायचे, "येडा आहे का, गिऱ्हाइकाला भाव शिकवतोय." आज आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया मोड घेऊन बसमधून उतरतात, पाटी वाचतात आणि दुसरीकडे न विचारता आत येतात. प्रत्येक सौद्यात मला कमी सुटतं, हे खरं आहे. सौदे जास्त होतात, हेही खरं आहे. काकांच्या गावातली जुनी घरं मात्र अजून पूर्वीसारखी येत नाहीत. ते नुकसान मी भोगतोय.

हे फक्त पुण्याईसाठी सांगत नाही. मोठ्या शहरात एकाला फसवलं, तर दुसरा येतो. आपल्या तालुक्याच्या गावात तसं नाही. इथं तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पाहुणं असतं. एका सौद्यातला 'विन' चहाच्या टपरीवर पोहोचायला आठवडा लागत नाही.

भाच्याचं काय झालं?

मी त्याला ड्रॅगन परत कर म्हणून सांगितलं नाही. काकांची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. मग विचारलं, "त्या पोराला ड्रॅगनची किंमत सांगितली असतीस, तर त्याने तो दिला असता?" तो काही बोलला नाही. दोन दिवस माझ्याशी फुरंगटून होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठून त्या घरी गेला, छोट्याला किंमत सांगितली. छोटा रडला म्हणे. मग ड्रॅगन परत गेला, कुत्रा परत आला.

भाचा अजूनही म्हणतो, "मामा, तुझ्यामुळे माझा ड्रॅगन गेला." म्हणू दे. पण जायच्या आदल्या दिवशी गल्लीतली तीन-चार पोरं दुकानाच्या पायरीवर त्याच्याभोवती बसली होती. "दादा, हा ट्रेड फेअर आहे का सांग ना," असं विचारत होती. एवढ्या पोरांमध्ये त्यालाच का विचारत होती, हे त्याला तेव्हा कळलं की नाही, माहीत नाही. तुम्हाला कळलं असेल.

आजचं काम

वही काढा. गेल्या महिन्यातले तुमचे सगळ्यात फायद्याचे तीन सौदे लिहा. धंदा अजून सुरू केला नसेल तर घरातली मोठी खरेदी, जुन्या गाडीची विक्री, काहीही चालेल. प्रत्येकापुढे तीन उत्तरं लिहा. एक, किंमत मी कशावरून ठरवली: खर्चावरून, कुणाच्या यादीवरून की बाजारात फिरून? दोन, तो माल माझ्याकडून किती दिवसांत पुढे गेला? तीन, मला जे माहीत होतं ते समोरच्याला कळलं असतं, तरी त्याने सौदा केला असता का?

तिसऱ्या प्रश्नापुढे "नाही" लिहावं लागलं, तर लाजू नका, माझ्याही वहीत तसं एक "नाही" आहे. फक्त ते लिहा. आणि तो माणूस अजून भेटण्यासारखा असेल, तर त्याला भेटा. मी जाईपर्यंत काका राहिले नव्हते.

चला, दुकान उघडायची वेळ झाली. पुढच्या व्हिडिओत उधारीच्या वहीबद्दल बोलू. तोपर्यंत धंदा करा, आणि असा करा की गिऱ्हाईक उद्या पुन्हा पायरी चढेल.